वस्तरा शिकूया, पण सलूनची पायरी सोडायची नाही

दाढी ही माणसाची खासगी बाब आहे असे ज्याला वाटते, त्याला या देशातील जातिव्यवस्था समजलेली नाही. मिशी ठेवायची की उतरवायची, ती कोणी उतरवायची, कोणत्या ओट्यावर बसून उतरवायची आणि त्याचा मोबदला पैशात द्यायचा की धान्यात, हे सगळे आपल्याकडे शतकानुशतके गावाने ठरवले. ज्याची दाढी होती त्याला त्यात मत नव्हते, आणि ज्याच्या हातात वस्तरा होता त्यालाही नव्हते.

हा विषय आज काढायचे कारण आहे. उघड्या पात्याच्या वस्तऱ्याने घरच्या घरी दाढी करण्याची हौस सध्या तरुणांमध्ये वाढते आहे. जर्मनीतील झोलिंगेनचे वस्तरे, इंग्लंडातील शेफील्डचे जुने वस्तरे, लाकडी पेटी, चामड्याचा पट्टा, ब्रश असा सगळा थाट व्हिडिओत दिसतो. हा खरा ‘मर्दानी’ शौक आहे असे सांगितले जाते. आमच्या रविवारच्या वर्गात येणाऱ्या काही मुलांनीही विचारले, की हे शिकावे का? त्यावर त्यांच्यातच वाद झाला. एक म्हणाला, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. दुसरा म्हणाला, ज्या वस्तऱ्याने आपल्या आजोबांना नाकारले तो आपण हातात का घ्यायचा? तिसरा म्हणाला, शिकून-सवरून न्हाव्याचे काम करायचे काय?

तिन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत आणि तिसरा सर्वांत महत्त्वाचा, कारण तो आपल्याच घरातून आला आहे. आमचे उत्तर असे आहे: वस्तरा जरूर शिका, नीट शिका. मात्र तो शिकला म्हणून सलूनमधील आपला हक्क सोडू नका, आणि तो शिकताना न्हाव्याच्या हाताला कमी लेखू नका.

सातारचा वस्तरा

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत आपल्या बालपणातील अस्पृश्यतेचे अनुभव लिहून ठेवले आहेत. शाळेतील गोणपाट आणि पाण्याचा नळ आपल्याला पाठ असतो. पण त्याच ठिकाणी त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, ज्याची चर्चा आपण फारशी करत नाही. साताऱ्यात न्हावी पुष्कळ होते. सुभेदारांच्या घरात न्हाव्याला द्यायला पैसे नव्हते असेही नाही. तरीही एकही न्हावी या मुलांच्या डोक्याला हात लावायला तयार नव्हता. भावंडांचे केस कापण्याचे आणि हजामतीचे काम त्यांची मोठी बहीण करत असे, आणि सततच्या सरावाने ती त्यात चांगलीच तरबेज झाली होती.

या नोंदीकडे नीट पाहा. एक मुलगी भावांची डोकी समोर घेऊन बसते. तिला कोणी शिकवलेले नाही. पहिल्या दिवशी तिचा हात थरथरला असेल, कुठे कापलेही असेल. पण करत करत ती तयार झाली. वस्तरा चालवण्याचे कसब रक्तातून येत नाही, सरावातून येते, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता? ज्या व्यवस्थेने सांगितले की न्हाव्याचे काम न्हाव्याच्याच पोटी जन्मलेल्याला जमते, त्या व्यवस्थेला सुभेदार रामजींच्या लेकीने न बोलता खोटे पाडले.

पण येथेच एक सावधगिरी हवी. तिच्या कौशल्याचे कौतुक करताना आपण त्यामागचा अन्याय विसरता कामा नये. तिने हौसेने वस्तरा घेतला नव्हता. दार बंद होते म्हणून घेतला होता. आज आपण ‘स्वावलंबन’ म्हणून त्याचा गौरव केला, तर दार बंद करणारे सुटतात. कौशल्य तिचे होते, पण ते तिच्यावर लादलेले होते. या दोन्ही गोष्टी एकदम लक्षात ठेवूनच पुढे जाता येईल.

न्हावी आपला शत्रू आहे काय?

जुनी माणसे सांगतात, की गावचा न्हावी म्हशी भादरायचा, पण महारवाड्यात यायचा नाही. हे ऐकून न्हाव्याबद्दल राग येणे साहजिक आहे. पण समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने रागापाशी थांबू नये.

बारा बलुतेदारांच्या यादीत न्हावी होता आणि महारही होता. दोघांनाही गावकीने कामाला बांधले होते. दोघांचाही मोबदला सुगीच्या वेळी खळ्यावर ठरायचा आणि तो देणाऱ्याच्या मर्जीवर असायचा. न्हाव्याने महाराची दाढी केली असती तर काय झाले असते? दुसऱ्या दिवसापासून गावाने त्याच्या वस्तऱ्याला ‘बाटलेला’ ठरवले असते आणि त्याचे बलुते बंद झाले असते. म्हणजे नकार न्हाव्याच्या तोंडून यायचा, पण निर्णय गावाचा असायचा. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही. प्रत्येकाच्या खाली कोणीतरी ठेवलेला असतो, म्हणून वरच्याशी भांडायला कोणी एकत्र येत नाही.

हे फक्त इतिहासातले आहे असे कोणी समजू नये. कर्नाटकात म्हैसूर जिल्ह्यातील नंजनगुड तालुक्यात हल्लरे नावाचे गाव आहे. तेथील एका न्हाव्याने अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांचे केस कापले म्हणून वरचढ जातीच्या लोकांनी त्याला ५० हजार रुपये दंड केला आणि त्याच्या कुटुंबावर बहिष्कार टाकला, अशी तक्रार २०२० साली त्याने केली. बातमी देशभर छापून आली. तेथे कात्री चालवणारा आपल्या बाजूने उभा राहिला होता आणि त्याची किंमत तो मोजत होता. अशा माणसाच्या मागे आपण उभे राहणार आहोत की नाही? उलट, त्याच राज्यातील कोप्पळ जिल्ह्यात ऑगस्ट २०२४ मध्ये केस कापण्याच्या वादातून एका दलित तरुणाचा कात्रीने भोसकून खून झाल्याचा गुन्हा नोंदला गेला. तेव्हा न्हावी शत्रू नाही याचा अर्थ न्हाव्याला गुन्हा माफ आहे असा नाही. कायद्यापुढे तो जबाबदार आहेच. पण लढाईचे तोंड कुणाकडे असावे, हे आपल्याला कळले पाहिजे.

आणि नाभिक समाजाचा एक इतिहास आपण मान खाली घालून वाचला पाहिजे. १८९० साली मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा झाली. यापुढे विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असे त्या सभेने ठरवले. पोटावर पाय येणार हे ठाऊक असतानाही त्यांनी हे केले. विधवेचे केशवपन हा केवळ क्रूर रिवाज नव्हता. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात दाखवून दिले, की जात टिकवायची तर जातीअंतर्गत विवाहाचे गणित सांभाळावे लागते आणि त्यात नवऱ्यामागे उरलेली स्त्री ही जातीला ‘अडचण’ वाटते. म्हणून तिला जाळायचे किंवा कायमचे वैधव्य लादून कोणाच्या नजरेत भरणार नाही अशा अवस्थेत ठेवायचे. वस्तरा त्या कामाचे हत्यार होता. नाभिकांनी ते हत्यार खाली ठेवले. ब्राह्मणी पितृसत्तेविरुद्ध श्रमिकांनी केलेला हा संप होता. आपल्या मुलांना हे शाळेत कोणी सांगत नाही.

वस्तरा शस्त्र होतो तेव्हा

नकार ही एक बाजू झाली. दुसरी बाजू जबरदस्तीची. दलिताने मिशीला पीळ दिला म्हणून मारहाण, मिशी उतरवणे, डोके भादरून धिंड काढणे हे प्रकार या देशात इतके झाले, की संसदेला त्यासाठी वेगळे कलम करावे लागले. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम १९८९ मध्ये २०१५ साली दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू झाली. तिच्यातील कलम ३(१)(ई) नुसार जबरदस्तीने कपडे उतरवणे, डोके भादरणे, मिशी काढणे, तोंडाला काळे फासणे हे गुन्हे आहेत. ‘मिशी’ हा शब्द कायद्यात यावा लागला, याचा विचार करा.

२०१७ साली गुजरातमधील गांधीनगर जिल्ह्यातील लिंबोदरा येथे मिशी ठेवली म्हणून दलित तरुणांना मारहाण झाल्याच्या तक्रारी आल्या. तेव्हा तेथील तरुणांनी मोबाइलवर स्वतःच्या फोटोच्या जागी पीळदार मिशी आणि मुकुटाचे चित्र लावले. मिशी हा त्यांचा शौक नव्हता, ते उत्तर होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे कसे नेसावे, दागिने कोणते टाकून द्यावेत हे सांगितले, तेही याच अर्थाने. शरीरावर लिहिलेली जात आधी शरीरावरून पुसायची असते.

भाषेतही हे लिहिलेले आहे. ‘बिनपाण्याने करणे’, ‘चांगली हजामत केली’, ‘न्हाव्याचा उकिरडा उकरावा तितके केसच’ असे बोलताना आपण कोणाच्या कामावर हसतो? ज्याला ‘ढोर’ ही शिवी ऐकून चीड येते, त्याने ‘हजाम’ ही शिवी वापरू नये. एवढे तरी आजपासून करता येईल.

शिकायचा कसा

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. वस्तऱ्याबद्दल भाषण देणाऱ्याला वस्तरा धरता आला पाहिजे.

पहिला प्रश्न, कोणता घ्यायचा? नवशिक्याने हजारो रुपयांचा विलायती वस्तरा घेऊ नये. सलूनमध्ये असतो तो अर्ध्या ब्लेडचा वस्तरा घ्यावा. साधी दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध मोडली की दोन अर्ध्या होतात. त्यातली एक वस्तऱ्याच्या खाचेत बसते. धार लावायची कटकट नाही आणि खर्चही किरकोळ. अखंड पोलादी वस्तऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला दर वेळी दाढीपूर्वी चामड्याच्या पट्ट्यावर वीस-तीस वेळा फिरवावे लागते. त्यात पाठ पुढे आणि धार मागे राहिली पाहिजे. टोकाला पोहोचल्यावर तो पाठीवरून वळवायचा. धारेवरून वळवला तर पट्टाही कापतो आणि धारही जाते. पट्टा नवी धार देत नाही, वापराने वाकलेली बारीक कड तो सरळ करतो. धार खरोखर बोथट झाली की दगड लागतो, आणि दगडावर पाठ व धार दोन्ही टेकलेली ठेवून घासण्याला सवयीचा हात लागतो. म्हणून आधी हात तयार करा, पोलाद नंतर.

दाढी अंघोळीनंतर करावी. केस कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे भिजले की मऊ होतात. ब्रशने फेस चांगला घट्ट करून गालावर गोल गोल चोळावा, म्हणजे केस उभे राहतात. त्याआधी कोरड्या गालावर बोट फिरवून केस कुठल्या दिशेने वाढतात ते पाहावे. गालावर ते बहुधा खाली जातात. गळ्यावर मात्र ते आडवे-तिडवे असतात आणि प्रत्येकाचे वेगळे असतात.

पकड अशी: अंगठा पात्याच्या दांड्याखाली, तीन बोटे वर, करंगळी शेपटीवर आणि मूठ वर उघडलेली. मनगट सैल ठेवायचे. पाते आधी गालावर सपाट टेकवायचे आणि मग साधारण तीस अंशांपर्यंत उचलायचे. फार सपाट राहिले तर केस ओढले जातात, फार उभे झाले तर कातडी कापते. जोर लावायचा नाही, वस्तऱ्याचे स्वतःचे वजन पुरते. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरणे हे निम्मे काम आहे. बोटे ओली असली तर पकड सुटते, म्हणून बोटांना थोडी तुरटी लावावी. हात छोटा, एकेक इंचाचा चालवायचा. आणि एक नियम कधीही मोडायचा नाही: पाते धारेच्या रेषेत आडवे सरकू द्यायचे नाही. सुरी भाजी कापते ती अशीच आडवी सरकून.

पहिला आठवडा फक्त कल्ल्याखालचा गाल करा, उरलेली दाढी नेहमीच्या रेझरने. दुसऱ्या आठवड्यात दुसरा गाल. डाव्या गालासाठी डावा हात वापरता आला तर उत्तम. जबडा आणि गळा त्यानंतर. हनुवटी आणि ओठावरचा भाग सर्वांत शेवटी. उलटा हात मारायची घाई नको. महिनाभर सुलटाच मारावा. साधारण महिन्याभरात चेहरा पूर्ण करता येतो. मुरमे असतील तेथे वस्तरा लावू नये. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ होण्याची औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. वस्तरा हातातून निसटला तर झेलायला जायचे नाही. पाय मागे घ्यायचा आणि पडू द्यायचा.

झाल्यावर थंड पाणी आणि ओली तुरटी. पाते पुसून कोरडे करून तेलाचा हात लावून ठेवावे. न्हाणीघरात ओलाव्यात ठेवले की गंज चढतो. दुसऱ्याचा वस्तरा, दुसऱ्याची ब्लेड कधीही वापरू नये. रक्तातून हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पसरू शकतात. याच भीतीने सलूनमध्येही अखंड वस्तरा मागे पडला आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी अर्धी ब्लेड आली. ती आपल्यासमोर मोडून घातली जाते की नाही हे पाहणे हा आपला हक्क आहे.

आता जे एकाही व्हिडिओत सांगत नाहीत, ते. वापरलेली ब्लेड कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. ती पिशवी सकाळी कोण उचलते? ओला-सुका कचरा हाताने कोण वेगळा करते? सफाई कामगार आणि कचरा वेचणाऱ्या बाया. त्यात बहुसंख्य आपलेच लोक आहेत. आपली दाढी गुळगुळीत झाली आणि आपल्याच मावशीचा हात चिरला, तर त्या शौकाला काय अर्थ? झाकणाचा एखादा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला फट पाडा, ब्लेड त्यातून आत टाका. भरला की चिकटपट्टीने बंद करून त्यावर ‘धारदार ब्लेड’ असे मोठ्या अक्षरांत लिहा आणि मगच द्या. ज्याला एवढे जमत नाही त्याने वस्तऱ्याच्या नादी लागू नये.

उपालीची गोष्ट

वस्तऱ्याचे नाते धम्माशी जुने आहे. भिक्खूच्या आठ परिक्खारांत, म्हणजे जवळ बाळगायच्या आठ वस्तूंत, तीन चीवरे, भिक्षापात्र, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळण्याचे फडके यांच्यासोबत वस्तराही मोजला जातो. हा केवळ विधी नाही. ज्या समाजात वस्तरा एका जातीच्या हातात कोंडलेला होता, तेथे संघाने तो प्रत्येकाच्या हातात दिला. शाक्य राजपुत्र असो की भंगी समजला गेलेला सुनीत असो, प्रत्येकाचे डोके एकाच प्रकारे उतरणार आणि ते काम कोणा एका जातीचे असणार नाही.

आणि उपाली तर शाक्यांचा न्हावी. अनुरुद्ध, आनंद, भद्दिय अशा शाक्य कुमारांसोबत तो बुद्धांकडे आला. विनयपिटकात नोंद आहे, की त्या कुमारांनीच विनंती केली: आम्ही शाक्य गर्विष्ठ आहोत, म्हणून आधी उपालीला प्रव्रज्या द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल. तसेच झाले. पुढे हाच उपाली विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार ठरला आणि राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय त्याने सांगितला. न्हाव्याने नियम सांगावेत आणि राजपुत्रांनी ते ऐकावेत, हे मनुस्मृतीच्या जगात शक्य नव्हते. ‘न्हाव्याचे काम करायचे काय?’ असे विचारणाऱ्या आपल्या बौद्ध तरुणाने उपालीला वंदन करून मग तो प्रश्न पुन्हा विचारावा.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की हे गांधींच्या स्वावलंबनासारखे झाले. बाबासाहेबांनी जातीचे धंदे सोडा, शहरात या, शिका असे सांगितले. तुम्ही हातात वस्तरा देता. आमचे म्हणणे असे, की बाबासाहेबांचा विरोध हाताच्या कामाला नव्हता, जन्माने लादलेल्या कामाला होता. जात ही कामाची नव्हे, काम करणाऱ्यांची विभागणी आहे, असे त्यांनी ‘जातिनिर्मूलन’मध्ये मांडले. ज्याने निवड करून, शिकून, हवे तेव्हा सोडता येईल असे काम घेतले, त्याच्यावर ते लादलेले नसते. उलट कोणतेही काम कोणालाही शिकता येते हे जितक्या घरांत सिद्ध होईल, तितकी जातीची एक वीट निघेल. आपली मुले आज सलून चालवायला शिकत असतील तर घरच्यांनी लाजू नये. लाज वाटते ती कामाची नसते, कामाला चिकटवलेल्या जातीची असते. शहरातील वातानुकूलित दुकानांत हेच काम ‘हेअर स्टायलिस्ट’ म्हणून प्रतिष्ठित झाले आहे. दुकानाला प्रतिष्ठा मिळाली, पण हात चालवणाऱ्या नाभिक कारागिराच्या वाट्याला त्यातले किती आले, हाही प्रश्न विचारायला हवा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घरीच दाढी करायला शिकलात तर गावच्या सलूनमधील बंदी मोडणार कोण? हा धोका खरा आहे. १९०४ साली किंग कॅम्प जिलेट यांना सुरक्षित रेझरचे पेटंट मिळाले आणि पुढे स्वस्त ब्लेड आपल्या वस्तीतही आली. दाढीपुरती न्हाव्याची गरज संपली. पण केसांचे काय? स्वतःच्या डोक्यामागचे केस स्वतःला कापता येत नाहीत. म्हणून आजचे तंटे दाढीवरून नव्हे, केस कापण्यावरून होतात. गुजरातमध्ये बनासकांठा जिल्ह्यातील आलवाडा गावी दलितांना गावच्या सलूनमध्ये बसून केस कापून घ्यायला ऑगस्ट २०२५ उजाडावा लागला. तोपर्यंत ते शेजारच्या गावांत जात होते. स्वातंत्र्याला ७८ वर्षे होत आली होती! तंत्रज्ञान वाट काढून देते, पण दार उघडत नाही. दार उघडायला संघटना आणि कायदाच लागतो.

कायदा माहीत असू द्या

संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी आजच्या कलम १५ वर चर्चा झाली. ‘दुकान’ या शब्दात काय काय येते असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी स्पष्ट केले, की हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे. सेवा देणारा कोणीही त्यात येतो. आणि त्याचा अर्थ केवळ आत पाऊल टाकण्याची परवानगी एवढाच नाही, तर अटी मान्य असतील तर ती सेवा मिळण्याचा हक्क असा आहे. साताऱ्यात ज्या मुलाला न्हावी मिळाला नाही, त्याने संविधान सभेत उभे राहून हे उत्तर दिले.

त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर झाले, जे आज कलम १७ आहे. पुढे १९५५ साली अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम आला, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात. त्यातील ‘दुकान’ या शब्दाच्या व्याख्येत केशकर्तनालयाचा स्पष्ट उल्लेख आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे हा कलम ६ खाली गुन्हा आहे. अत्याचार प्रतिबंध अधिनियमाच्या कलम ३(१)(झेडए) मध्ये दुकानात जाण्यास अडथळा आणणे आणि ३(१)(झेडसी) मध्ये सामाजिक वा आर्थिक बहिष्कार टाकणे किंवा त्याची धमकी देणे हे गुन्हे आहेत. २०१८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८अ नुसार गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही. ‘आधी चौकशी करू, मग बघू’ असे ठाण्यात कोणी म्हणाले तर हे कलम दाखवा.

व्यवहारात काय करायचे? नकार मिळाला तर एकट्याने भांडू नका. तारीख, वेळ, दुकान, नेमके उच्चारलेले शब्द आणि साक्षीदार लगेच लिहून ठेवा. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. आणि त्याआधी शक्य असेल तर त्या न्हावी दादाशी चार माणसे जाऊन बोला. त्याच्यावर दबाव कुणाचा आहे ते विचारा. तो दबावाखाली असेल आणि आपल्या बाजूने उभा राहायला तयार असेल, तर तक्रारीत आरोपी कोण हे बदलते. बहिष्काराची धमकी देणारा पुढे येतो आणि न्हावी दादा आपला साक्षीदार होतो. मग त्याच्या दुकानाचे गिऱ्हाईक तुटू न देणे ही आपली जबाबदारी. नाभिक संघटनांना सोबत घेऊन गावात एकच पाटी लावता येते: ‘येथे सर्वांचे केस कापले जातील.’ असे दुकान गावात एक जरी टिकले, तरी पुढच्या पिढीला केस कापायला शेजारचे गाव गाठावे लागणार नाही.

तेव्हा तरुण मित्रांनो, वस्तरा शिका. तो शिकताना सातारच्या त्या मोठ्या बहिणीची आठवण ठेवा, १८९० साली वस्तरा खाली ठेवणाऱ्या नाभिकांची ठेवा आणि उपालीची ठेवा. आपल्या वर्गात एखाद्या नाभिक कारागिराला गुरू म्हणून बोलवा, त्याला मानधन द्या, त्याच्या पाया पडायची गरज नाही पण त्याला ‘गुरुजी’ म्हणा. घरी दाढी करा किंवा करू नका, ती तुमची मर्जी. पण महिन्यातून एकदा गावातल्या त्या सलूनच्या खुर्चीत जाऊन बसा, जिथे तुमच्या बापाला बसता आले नाही. पूर्ण पैसे द्या, मान ताठ ठेवा आणि आपल्या मुलालाही सोबत न्या.

जय भीम! नमो बुद्धाय!